पान ओले झाले

भाचा कारखानदार झाला असे आमच्या आक्काने कळवले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम एक धुराडे उभे राहिले. प्रत्यक्षात कारखाना निघाला तिच्याच घरातल्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे लोणच्याच्या बरण्या असत. आता एक लांब टेबल, डाख देण्याच्या दोन सळ्या आणि भाच्याबरोबर शिकलेली दोन मुले होती. तिघे मिळून द्राक्षाच्या वेलासाठी एक खोटे पान तयार करीत होते.

हे पान म्हणजे तळहाताएवढी पट्टी. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा, दोन कंगवे एकमेकांत घालावेत तशा, पण एकमेकींना न शिवणाऱ्या. दव पडले की थेंबातून या रेघेतली वीज त्या रेघेत जाते, पान भिजल्याचे खालच्या डबीला कळते आणि ती मालकाच्या फोनवर निरोप धाडते. द्राक्षाचे पान काही तास ओलेच राहिले की डावणी रोग शिरतो. म्हणून ढग दिसले की नाशिककडचा बागाईतदार औषधाचा पंप जोडतो, गरज असो वा नसो. पान किती वेळ ओले होते हे नेमके कळले तर एखाददुसरी फवारणी वाचेल, असा मुलांचा हिशेब. अशी यंत्रे परदेशात पूर्वीच झाली आहेत. यांचे म्हणणे एवढेच की आपले स्वस्त पडेल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका तंत्रप्रदर्शनात त्यांनी गाळा घेतला. गाळ्याच्या भाड्यासाठी आक्काच्या चार बांगड्या पेढीवर गेल्या. मला सुट्टी होती आणि पाणी शिंपडण्यास चौथा माणूस हवा होता, म्हणून मीही गेलो.

पहिल्या सकाळीच घोटाळा झाला. आक्काच्या परसात शंभर वेळा बोललेली डबी मुकी झाली. वर पत्र्याचे छप्पर, खाली हजारो फोन. त्या गलबल्यात तिचा बारीक आवाज बाहेर पोचेना. मी पाणी शिंपडावे आणि पाहुण्यांनी कोऱ्या पडद्याकडे पाहावे, असे तासभर चालले. अखेर भाच्याने मला गाळ्यामागच्या कापडाआड बसवले, पुढ्यात लॅपटॉप ठेवला आणि हळूच म्हणाला, “मामा, मी खोकलो की हे बटण दाबा.”

मी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याला ते झोंबले असावे. तो म्हणाला, “ॲपलवाल्यांनी काय केलं होतं?” आणि तिथेच त्याने मला ती गोष्ट सांगितली. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संगणकांची पहिली मोठी जत्रा भरली, वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर. स्टीव्ह जॉब्स आणि वॉझनियाक यांची कंपनी तेव्हा अगदी चिमुकली. ‘ॲपल टू’ हे त्यांचे नवे यंत्र. पुरी जुळलेली अशी तीनच हाताशी होती. त्यांची प्लास्टिकची खोळही ओबडधोबड आली होती, ती घासून-रंगवून साजरी केली. आणि गाळ्यात रिकामी खोकी रचून ठेवली, माल भरपूर आहे असे वाटावे म्हणून! पुढे मागण्या शेकड्यांनी आल्या.

“पण ती तीन यंत्रं चालत होती ना?” मी विचारले.

“आपलंही चालतं, मामा. फक्त इथे चालत नाही.”

यावर मला उत्तर सुचले नाही. सुचले असते तरी देण्याचा अधिकार मला कुठे होता? शाळा-तपासणीच्या दिवशी मीच वर्गाला शिकवीत आलो आहे: उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करावा, येत नसेल त्याने डावा, हात मात्र सगळ्यांचे वर दिसले पाहिजेत. साहेब नेहमी खूष होऊन जात. मी मुकाट्याने कापडाआड बसलो.

दुपारपर्यंत मी चौदा वेळा बटण दाबले. ‘पान ओले झाले’ अशी अक्षरे पडद्यावर उमटत आणि लोक माना डोलवीत. कोटातल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले: भांडवल किती, विस्तार केव्हा, यात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे का? पानाला हात लावून पाहावे असे त्यांतल्या एकालाही वाटले नाही.

चारच्या सुमारास निफाडकडचे एक वयस्क बागाईतदार आले. पंधरा मिनिटे ते खोदून विचारीत होते. उंदीर वायर कुरतडतात, त्याचं काय? फवाऱ्याचं औषध पानावर बसलं तर ओलं आणि कोरडं त्याला कळेल का? हा दुसरा प्रश्न ऐकून पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. सकाळपासून बोलून भाच्याचा घसा सुकला होता. तो खोकला. खराच खोकला. मी बटण दाबले.

पडद्यावर अक्षरे उमटली. बागाईतदारांनी बोटाने पान चाचपले. “हे तर कोरडं ठणठणीत आहे!”

कापडाच्या फटीतून मला भाच्याचे कान दिसत होते. ते लाल झाले. क्षणभर थांबून त्याने कापड बाजूला सारले. “काका, इथे निरोप जात नाही. सकाळपासून हे आमचे मामा बटण दाबतायत.”

कुबड्या स्टुलावर बसलेला मी, मांडीवर लॅपटॉप, समोर दहा-बारा माणसे! चाळिशी उलटलेल्या शिक्षकाने आणखी काय भोगायचे असते? कोटवाले दोघे घड्याळ पाहत निघून गेले. बागाईतदार मात्र माझ्याकडे बघून पोटभर हसले. मग भाच्याला म्हणाले, “पत्र्याखाली कशाला दव पडेल? ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत ये. पैसे आत्ता देणार नाही. आणि त्या औषधाचं बघून ये.”

उरलेले दीड दिवस आम्ही बटणाशिवाय काढले. गर्दी आमच्या गाळ्यावरून पुढे वाहत गेली. मागणी एकही आली नाही. परतताना गाडीत तिघेही औषधाच्या थराबद्दलच बोलत होते. माझ्याशी फारसे कोणी बोलले नाही.

बांगड्या अजून पेढीवरच आहेत. आक्का त्याविषयी बोलत नाही, हातात काचेच्या भरते. निफाडच्या काकांनी दोन हंगाम बघू म्हटले होते. त्यांतला एक गेला. दोनदा डबी खोटे बोलली, एकदा खरोखरीच उंदराने वायर तोडली.

पण त्या पहिल्या हंगामातली एक रात्र सांगतो. बटणाच्या भानगडीत माझा नंबर डबीत घातला होता, तो काढायचा राहून गेला असावा. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी फोन वाजला. अंधारात चष्मा सापडेना. डोळ्यांशी धरून वाचले: पान ओले झाले.

मी भाच्याला फोन लावला. तो जागाच होता.