कासवाचं रुखवत

पूर्वी मुलांच्या वाढदिवसाला कंपासपेटी, गोष्टीचं पुस्तक, फार तर फ्रॉकचं कापड दिलं की काम भागायचं. आता मुलांना भेटसुद्धा जिवंत लागते, आणि त्यात कुत्र्या-मांजरांचं नवल राहिलेलं नाही. कुणाला कासव हवं, कुणाला इग्वाना, कुणाला तर चक्क अजगराचं पिल्लू! मी शाळेत अर्धवेळ विज्ञान शिकवते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा सुरू झाला की हटकून एक हात वर होतो, "बाई, इग्वाना केवढ्याला मिळतो?" फोनवर पाहिलेला असतो. किंमत विचारणारे पुष्कळ भेटतात. तो केवढा होतो आणि किती वर्षं जगतो, हे विचारणारं पोर अजून भेटायचं आहे. शेपटीसकट पाच फूट होतो, असं सांगितलं की वर्ग चिडीचूप!

तशी ही हौस आमच्या कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळी इथे शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते. पण त्यांच्यामागे अख्खं संस्थान होतं. चित्त्यांना खाऊ घालायला, फिरवायला खास माणसं होती. आपल्या घरी मात्र हौस मुलांची, पैसे वडिलांचे नाहीतर काका-मामांचे, आणि निस्तरायला माणूस एकच, स्वयंपाकघरातलं! म्हणून, मैत्रिणींनो, हे चार अनुभवाचे शब्द.

आमच्याकडे कासव आलं ते भाऊजींच्या कृपेने. तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या वाढदिवसाला त्यांनी बाहेरगावाहून ते आणलं. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, कानाशी लाल पट्टा. सोबत प्लॅस्टिकची डबी आणि त्यात प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, "एवढंच राहतं. रोज चार दाणे टाकले की झालं." धाकटी नाचली. सासूबाईंना तर फारच आनंद झाला. कासव म्हणजे देवाच्या दारातलं. कुठल्याही जुन्या देवळात जा, गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच, आणि जेजुरीच्या गडावरचं ते भलंथोरलं पितळी कासव कुणी पाहिलेलं नाही?

चार दाण्यांवर मात्र माझा विश्वास बसेना. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, शाळेतल्या संगणकावर शोधलं, आणि भाऊजींना कळवलं, "कासव दिलंत, आता रुखवतही द्या!" कारण हा लाल कानाचा स्लायडर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला. मादी वाढून २५ ते ३० सेंटिमीटरची होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. नर थोडा लहान, त्याच्या पुढच्या पायांची नखं लांब. नीट ठेवलं तर २० ते ३० वर्षं सहज जगतो.

आता रुखवतात काय काय लागतं ते सांगते.

पहिलं म्हणजे पाणी. पाठीच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ लिटर धरतात. वीस सेंटिमीटरच्या कासवाला ३०० लिटर झालं. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीची निम्म्याहून जास्त! एक दिवसाआड नळ येणाऱ्या घरात याचा आधी विचार हवा. आमच्या परसात जुना हौद पडून होता. तो घासून घेतला, वर जाळी बसवली, कारण कावळे आणि मांजरं टपलेलीच असतात. बदललेलं पाणी मी जास्वंदीला आणि मोगऱ्याला घालते, फार छान फुलतात. कोथिंबीर-मेथीला मात्र घालायचं नाही. कारण पुढे सांगते.

दुसरं ऊन. कासवाला पाण्याबाहेर येऊन पाठ कोरडी करायला जागा लागते. आम्ही सपाट दगड रचून दिले. ऊन अंगावर थेट पडायला हवं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातले पाठीचं कवच घट्ट करणारे किरण काचेतच अडतात. अर्धा हौद सावलीतही हवा, नाहीतर उन्हाळ्यात पाणी तापून कासव शिजायचं! ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांना त्या किरणांचा खास दिवा घ्यावा लागतो, तो रोज दहा-बारा तास लावावा लागतो, आणि उजेड दिसत असला तरी सहा महिने ते वर्षाने बदलावा लागतो. पाणी २४ ते २८ अंश आणि ऊन खायची जागा ३० ते ३२ अंश असावी. थंडीत आम्ही त्याला मोठ्या टबात आत घेतो आणि मत्स्यालयात वापरतात तो हीटर लावतो. हे दोन्ही खर्च भाऊजींच्या नावावर!

तिसरं खाणं. भात, पोळी, ब्रेड, दूध यातलं काहीही नाही. लहान पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. लहानपणी कासवांचं तयार खाद्य, गांडुळं, छोटे मासे जास्त. मोठं होईल तसा हिरवा पाला, गाजराचा आणि लाल भोपळ्याचा कीस वाढवायचा. कवचासाठी चुना लागतो. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला की कासव जमेल तसं कुरतडतं. खाऊ वेगळ्या घमेल्यात घातला तर हौद लवकर घाण होत नाही.

डोळे सुजून मिटले तर 'अ' जीवनसत्त्व कमी पडतंय. पाठ मऊ लागली तर चुना आणि ऊन कमी. नाकातून बुडबुडे आले, पोहताना एका बाजूला कलू लागलं तर सर्दी छातीत उतरली असं समजावं आणि घरगुती उपाय करत बसू नये. आपल्या गावात कासव तपासणारा पशुवैद्य कोण, हे आजारपणाआधीच विचारून ठेवावं. बहुतेकांचा हात गाई-म्हशींवर आणि कुत्र्यांवर बसलेला असतो.

आणि आता ती कोथिंबिरीची गोष्ट. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने जुलाब, ताप येतो. अमेरिकेत लहान मुलं अशी पिल्लं तोंडात घालून आजारी पडत, म्हणून तिथे १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी झाली. परदेशी पाठवायला मात्र मोकळीक राहिली! तेव्हा कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत आणायची नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा फार वयस्क माणूस असेल तर कासव न आणलेलंच बरं.

दोन वर्षांत आमचं कासव तळहाताएवढं झालं आणि घरातल्यांचा उत्साह तेवढाच आटला. पाणी बदलायची पाळी आली की ह्यांना ऑफिस आठवायचं, धाकटीला गृहपाठ. एका पावसाळ्यात हे म्हणाले, "रंकाळा तुडुंब भरलाय. देऊ सोडून." शेजारच्या काकूंनी लगेच री ओढली, "सोडा की वहिनी, जाईल तिकडं पवत. पुण्य बी लागंल!" धाकटी रडायला लागली, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हौद रिकामा झाला असता तर माझी कंबर सुटली असती, हे खोटं कशाला सांगू? पण मी नाही म्हटलं. हे कासव आपल्या पाण्यातलं नव्हे. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय देशांनी १९९७ साली त्याची आयातच थांबवली. तळ्यात सोडलं की ते आपल्या इकडच्या मऊ पाठीच्या कासवांचं खाणं खातं, त्यांच्या ऊन खायच्या जागा बळकावतं, रोग पसरवतं. म्हणजे पुण्य राहिलं बाजूला! मग सोडायचं नाही, पण सगळा भार एकटीवरही घ्यायचा नाही, असं ठरलं. पाण्याचा वार ह्यांचा, खाण्याचा धाकटीचा, तसा कागद कपाटाला चिकटवला. सासूबाई आपणहून सकाळच्या राखणीला बसतात. त्या पोथी वाचतात, कासव दगडावर मान ताणून पडलेलं असतं. दोघांचं छान जमतं.

एक गोष्ट मात्र खडसावून सांगायला हवी. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव घरात ठेवलं की लक्ष्मी येते, असं सांगून कुणी तारा कासव विकायला आणलं तर दारातूनच परत पाठवा. ते आपल्याच देशातलं रानटी कासव. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे, आणि तुरुंगाची शिक्षा आहे. चोरट्या धंद्यापायी ते इतकं नाडलं गेलं, की २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटही याच कायद्यात येतो. इग्वाना, अजगर, करडा आफ्रिकन पोपट अशा परदेशी प्राण्यांची नोंद आता सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली निघाले. दुकानात उघड विकायला आहे म्हणजे कायद्यात बसतं, असं मुळीच नाही. कुणाकडे तारा कासव आलंच असेल तर ते रानात सोडू नका, वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. लक्ष्मीसाठी पाण्याच्या ताटलीत पितळी कासव ठेवावं. चिंच लावून घासलं की झालं, त्याला ना हीटर लागतो ना गांडुळं.

तेव्हा भेटीची डबी घरात यायच्या आधी पाच गोष्टी विचारा. हे केवढं होणार? किती वर्षं जगणार? पाळायला कायद्याची परवानगी आहे का? दिवाळीत आपण माहेरी गेलो तर बघणार कोण? आणि रोजचं काम नेमकं कुणाचं? शेवटच्या प्रश्नाला घरातले सगळे गप्प बसले, तर उत्तर तुम्हीच आहात असं समजा आणि वेळीच नाही म्हणा.

मी परवा हिशेब घातला. धाकटी शिकायला बाहेर जाईल, नोकरीला लागेल, तिचं लग्न होईल, आणि हे कासव तेव्हाही आमच्या हौदात असेल. माझी साठी त्याने पाहिली तरी नवल नाही. तिला तसं सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आई, मी घर घेईन तेव्हा हौदवालं घेईन."

मी ते तिच्याकडून तारखेसकट वहीत लिहून घेतलं आहे!