ऐकीव कायदा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आजोबा गिरणीत होते. अप्पा लष्करातून निवृत्त होऊन एका कचेरीच्या दारावर बंदूकधारी पहारेकरी झाले. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची, दुनळी. साध्या वॉचमनपेक्षा चार पैसे जास्त मिळत ते तिच्यामुळेच. माझ्या वह्यापुस्तकांचा खर्च त्या दुनळीच्या खांद्यावर होता, म्हणा ना!

२०१९ चा डिसेंबर. आम्ही तेव्हा वरळीच्या बी.डी.डी. चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत राहत होतो. मी आठवीत होते. एका संध्याकाळी शेजारचे काका मोबाइलवर आलेला मजकूर घेऊन आले. चष्मा विसरले होते, म्हणून मला वाचायला सांगितले. 'सरकारने कायदा केला. खाजगी बंदुका जप्त होणार. ठेवील त्याला तुरुंग.' वक्तृत्व स्पर्धेत बोलावे तशी मी खणखणीत आवाजात वाचले. सकाळी नळावर त्यात भर पडली : तलवारीही जाणार!

अप्पा गप्प झाले. पोरगी शिकलेली, ती वाचते म्हणजे खरेच असणार. तिसऱ्या दिवशी एक परवानेवाले गृहस्थ निम्म्या किमतीत बंदूक मागायला आले. "उद्या फुकट जमा करण्यापेक्षा आज पैसे घ्या." अप्पांनी "रविवारी सांगतो" म्हटले. त्या रात्री आईने डोळ्याला डोळा लावला नाही.

मी वाचनालयात जाऊन चार दिवसांची वर्तमानपत्रे काढली. बातमी होती, पण निराळी. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. शस्त्र (सुधारणा) विधेयकाच्या मूळ मसुद्यात ती मर्यादा एकावर आणली होती. विरोध झाला, तेव्हा सरकारनेच ती दोन केली. ९ डिसेंबरला लोकसभेने आणि १० ला राज्यसभेने विधेयक मंजूर केले होते.

मी धावत घरी आले. अप्पांनी बातमी दोनदा वाचली. "म्हणजे मसुद्यातसुद्धा आपली एक राहतच होती?"

"हो, अप्पा."

गृहस्थ रविवारी रिकाम्या हाताने परतले.

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर विधेयकाचा प्रवास काढला : मांडणी, कलमवार चर्चा, दुरुस्त्या, मतदान, दुसरे सभागृह, राष्ट्रपतींची संमती, राजपत्रात प्रसिद्धी. वर्ग जांभया देत होता. मला मात्र त्या फळ्यावर आमची खोली दिसत होती. तीनाचे एक आणि एकाचे दोन झाले ते याच वाटेवर. विधेयक म्हणजे कायदा नव्हे. मधल्या टप्प्यांत माणसांना बोलायला जागा असते. पण मसुद्यात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर बोलणार काय?

मित्रहो, अफवा पसरवणारा कुणी दुष्टच असतो असे नाही. आमच्या घरात ती मीच वाचून दाखवली होती. अक्षरे लावता येणे आणि वाचणे यांतले अंतर मला त्या आठवड्यात कळले.

आता कुणी नव्या कायद्याची बातमी आणली की अप्पा माझ्याकडे पाहतात आणि आधी एवढेच विचारतात, "विधेयक आहे, की कायदा?"