नऊ स्वयंपाकघरं

पप्पा तीन आठवड्यांसाठी येणार ठरल्यावर मी सगळ्यात आधी स्प्रेडशीट बनवली. इंजिनीअर माणसाला प्रेम व्यक्त करायचं म्हटलं की तो कॉलम आखतो. ठिकाण, तिकीट, लागणारा वेळ, आणि जवळचं टॉयलेट. हा शेवटचा कॉलम पप्पांच्या शुगरमुळे. ब्रायटनला एक दिवस दिला होता. लंडनहून गाडीने तासाभरात समुद्र, संध्याकाळी परत.

समुद्राने पप्पांची निराशा केली. "वाळू कुठंय?" ब्रायटनचा किनारा गोट्यांचा आहे, चालताना पाय मुरगळतो. पॅलेस पिअर १८९९चा. लाकडी फळ्यांवरून समुद्रात आत आत जायचं आणि शेवटी काय, तर जत्रा : पाळणे, नाणी गिळणारी मशिनं, आणि हातातले चिप्स पळवणारे दांडगे सीगल. पप्पांना आवडला तो दुसरा, वेस्ट पिअर. १८६६ साली बांधलेला, १९७५ साली बंद पडलेला, २००३मध्ये आगीत जळालेला. आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे. "पाडत का नाहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोक याचेच फोटो काढतात. ते जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं होते, पडीक इमारतींशी त्यांचं जुनं नातं आहे. बराच वेळ बघत उभे राहिले.

मग रॉयल पॅव्हिलियन. राजपुत्र असल्यापासून चौथा जॉर्ज इथे मौज करायला यायचा. जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ ते १८२३ या काळात त्याच्या जुन्या घरावर घुमट, मिनार, जाळ्या चढवल्या. बाहेरून हिंदुस्थान, आत शिरलं की चीन. छतातला ड्रॅगन झुंबर धरून बसलाय. नॅश कधी भारतात आला नव्हता. पप्पा गेटवर थांबून म्हणाले, "आपल्याकडचं मंगल कार्यालय वाटतंय." मला आधी हसू आलं, मग पटलंच. हायवेवरच्या लॉन्सच्या कमानींना असेच प्लास्टरचे घुमट असतात.

मी दीड तास धरला होता. वरच्या एका छोट्या दालनात पप्पा अडकले आणि माझी स्प्रेडशीट तिथेच कोलमडली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ या राजवाड्यात होतं. डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६. दालनात तेव्हाचे फोटो आहेत : झुंबरांखाली ओळीने लोखंडी खाटा, खाटांवर फेटे बांधलेली माणसं. बादशहाने स्वतःचा महाल हिंदी जवानांना दिला, असा तेव्हा प्रचार झाला. वास्तविक व्हिक्टोरिया राणीने तो १८५०मध्येच गावाला विकून टाकला होता. राजाच्या भव्य मुदपाकखान्याचं ऑपरेशन थिएटर केलं. आणि जेवणासाठी बाहेर नऊ स्वयंपाकघरं उभारली. हिंदू, मुसलमान, शीख, आणि त्यातही जातीजातीप्रमाणे. पाण्याचे नळ वेगळे. मांस कापण्याची सोय वेगळी.

पप्पा इंग्रजी सावकाश वाचतात, ओठ हलवत. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "यातल्या कुठल्या स्वयंपाकघरात आपल्याला वाढलं असतं रे?"

मी म्हटलं, तेव्हा आपल्या लोकांची भरतीच बंद होती.

"ते मला माहितीये." ते त्यांना माहीत असणारच. आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, आणि रेजिमेंटचा इतिहास मी पाढ्यांसारखा ऐकलाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्याची दारं बंद झाली, १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली, १९२१मध्ये मोडली, आणि १९४१ साली पुन्हा रेजिमेंट. "पण संडास कुणीतरी साफ करतच असेल ना इथले?"

त्या भिंतीवर त्याचं उत्तर मला दिसलं नाही.

नऊ स्वयंपाकघरांचं कौतुक करावं की काय, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. माणूस जखमी होऊन परक्या मुलखात पडलाय, त्याला त्याच्या हातचं, त्याच्या रीतीचं अन्न मिळावं, यात माया आहे. पण इंग्रजांना या मायेची गरजही होती. इथली पत्रं गावोगाव पोचत होती, भरती चालू राहायला हवी होती. आणि आपली माणसं? खंदकात एका चिखलात लोळून आली आणि इथे नळ वेगळा मागत होती. की न मागताच मिळाला? साहेबाने आपली उतरंड व्यवस्थित समजून घेतली आणि त्याप्रमाणे चुली मांडल्या. माझ्या भाषेत सांगायचं तर त्याने बग दुरुस्त केला नाही, त्याला फीचर म्हणून सपोर्ट दिला.

दुपारी बसने पॅचमपर्यंत गेलो आणि टेकडी चढायला लागलो. छत्री माझ्या यादीत नव्हती, पप्पांनी दालनातल्या फोटोवरून हट्ट धरला. वर थेट बस जात नाही. मोठ्या रस्त्याच्या आवाजातून बाहेर पडलं की मेंढ्यांची कुरणं, वारा, आणि पप्पांचे गुडघे.

चढताना त्यांनी विचारलं, "इथं आपल्या लोकांत असलं काही चालत नाही ना?" हा प्रश्न त्यांनी मी आल्या आठवड्यात फोनवरही विचारला होता, आणि मी "छे, इथं कोण विचारतंय" म्हणालो होतो. खरं असं होतं : एका शेअरिंगच्या घरात खोली जवळजवळ ठरली होती. सगळी आपलीच पोरं, दोन तर मराठी. व्हेज-नॉनव्हेजचं विचारलं, मी काही चालतं म्हटलं. मग "पूर्ण नाव काय?" सांगितलं. संध्याकाळी मेसेज आला की खोली एका मित्राला दिली. जाहिरात पुढे दहा दिवस तशीच होती.

हे मी पप्पांना त्या टेकडीवर सांगितलं, चार वर्षांनी. ते चालायचे थांबले नाहीत. "वाटलंच होतं," म्हणाले. "त्या महिन्यात तू तीन पत्ते दिले होतेस. तुझ्या आईला नको सांगू."

छत्री अचानक दिसते. कुरणाच्या उतारावर पांढऱ्या संगमरवराचा घुमट, आठ खांब, फारतर तीस फूट उंची. मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी ती आखली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. गावातला तो महाल आणि ही छत्री, दोन्ही घुमटांचीच, पण हिच्याजवळ आवाज आपोआप खाली येतो. ब्रायटनच्या इस्पितळांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन इथे झालं. मुसलमान सैनिकांना वोकिंगला नेऊन दफन केलं. चितांच्या जागी आता ग्रॅनाइटच्या शिळा आहेत. ५३ जणांची नावं मात्र २०१०मध्ये जवळच्या भिंतीवर कोरली गेली. पप्पांनी सगळी वाचली, ओठ हलवत.

मी तोवर फोनवर त्यांचा दुपारचा प्रश्न शोधत होतो. उत्तर ब्रायटनला नव्हतं, पश्चिमेला न्यू फॉरेस्टमधल्या ब्रॉकनहर्स्ट गावात होतं. तिथेही हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. सुखा नावाचा बरेलीचा माणूस, हुद्दा स्वीपर, जानेवारी १९१५मध्ये वारला. असं सांगतात की हिंदूंनी त्याच्या दहनाला नकार दिला, कारण जात. वोकिंगला दफन होईना, कारण तो मुसलमान नव्हता. शेवटी गावच्या सेंट निकोलस चर्चच्या पाद्र्याने आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी पैसे काढून त्याच्यावर दगड बसवला.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. वाऱ्यात त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा वाचलं.

"दगडावर नाव आहे?"

"आहे. गावाचं पण."

पप्पा शिळांकडे पाठ करून पायरीवर बसले, डबा उघडला, पोळीभाजीचा अर्धा वाटा माझ्या हातात दिला. खाऊन झाल्यावर म्हणाले, "बाथ का काय ते लिहिलंयस ना शनिवारी, ते राहू दे."

उतरताना मी स्प्रेडशीट उघडली. शनिवारची ओळ बदलली. ब्रॉकनहर्स्ट. वॉटर्लूहून थेट गाडी, साधारण दीड तास. तिकीट नाही. टॉयलेटचा कॉलम तेवढा रिकामा राहिला.