खाऱ्या हवेतल्या फिती

चित्रफीत किती वर्षे टिकणार हे बहुतांशी ती कोणत्या हवेत ठेवली आहे यावर ठरते, आणि या दृष्टीने देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्यावरची कौलारू घरे तिला मानवणारी नाहीत. व्हीएचएस कॅसेटमधील चुंबकीय फीत म्हणजे पॉलिस्टरची पातळ पट्टी असून तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे कण ‘बंधक’ नावाच्या चिकट द्रव्याने बसवलेले असतात. पावसाळ्याच्या दमटपणात हा बंधक पाणी शोषून सैल पडतो, फितीच्या कडांवर पांढरी बुरशी चढते आणि खारा वारा कॅसेटचे स्क्रू गंजवतो. कोडॅकने १९६५ मध्ये आणलेल्या सुपर-८ प्रकारातील जुन्या रिळांचे दुखणे निराळे असते: त्यांचा ॲसिटेटचा पाया विघटित होऊन ॲसेटिक आम्ल बाहेर पडते, डबा उघडताच आंबट दर्प येतो, फीत आकसते, आणि ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणून ओळखला जाणारा हा विकार त्याच पेटीतल्या शेजारच्या रिळांनाही ग्रासू शकतो. डांबराच्या गोळ्यांवर कोकणातील घरांचा कितीही विश्वास असला, तरी येथे त्यांचा उपयोग नाही.

अंकीकरण, म्हणजे या चित्र-ध्वनीचे संगणकीय धारिकेत रूपांतर, हे सावकाश चालणारे काम आहे. रिळाची एकेक चौकट स्कॅन करता येते; कॅसेट मात्र चालवूनच उतरवावी लागते, त्यामुळे तीन तासांच्या लग्नाला तीन तास द्यावेच लागतात, शिवाय आधी बुरशी काढण्याचे काम वेगळेच. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यापासून तर जुनी यंत्रे एकमेकांच्या सुट्या भागांवर जगवली जातात.

लग्नाच्या चित्रणातले वधूवरांचे चेहरे छायाचित्रांतही सापडतात. कॅसेटमधला खरा ऐवज त्यांच्या मागे असतो, तो म्हणजे खळ्यातला झापांचा मांडव, चिऱ्यांची भिंत, पंगतीत वाढणाऱ्यांची लगबग आणि मालवणी गजाली. दुर्दैवाने लग्नाच्या कॅसेटींचे संकलन करणाऱ्यांनी या गजालींवर सनई आणि चित्रपटगीते सढळ हाताने चढवली, त्यामुळे बुरशी लागण्याआधीच अनेक आवाज पुसले गेले. म्हणून सजवलेल्या प्रतीपेक्षा संकलनापूर्वीची मूळ कॅसेट घरात असल्यास तीच आधी अंकीकरणाच्या प्रयोगशाळेत पाठवावी. तेथेही रंग खुलवण्याचा आणि खरखर काढण्याचा प्रस्ताव येतो, आणि तो स्वीकारण्यास हरकत नाही, पण दुसऱ्या प्रतीवर. पहिली प्रत जशी उतरेल तशीच राहावी, कारण खरखर गाळताना मागची कुजबुजही गळण्याचा धोका असतो. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जपत आले आहे, परंतु घरगुती फितींचे जतन मुख्यतः घरांनाच करावे लागते, आणि त्यासाठी धारिकेची निदान एक प्रत घरापासून दूर, मुंबई-पुण्यातल्या नातलगाकडे असणे इष्ट.

उरतो प्रश्न ओळख पटवण्याचा. चतुर्थीला चाकरमानी परतल्यावर, म्हाताऱ्या आत्या-मावश्यांसमोर चित्रण थांबवत थांबवत लावावे आणि मिनिटांच्या नोंदीसह नावे वहीत उतरवावीत; एकाच चेहऱ्याला दोघींनी दोन नावे दिली, तर दोन्ही लिहावीत.