शून्य विरुद्ध शून्य

मिनिआपोलिस

प्रिय शुभा,

‘धावाच होत नाहीत तो खेळ तीन-तीन तास बघता तरी कशासाठी?’ असं तू पत्रात विचारलंस. अगं, बेसबॉलचा मोसम संपून बाद फेरी लागली की मी देवाकडे मागते ते हेच, की धावा होऊ नयेत!

27 ऑक्टोबर 1991 चा सामना घे. वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक. आमच्या गावातलंच मेट्रोडोम, आता पाडलंय ते. मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्ह्ज, दोघेही आदल्या वर्षी आपापल्या गटात तळाला. ट्विन्सचा पिचर, म्हणजे आपला गोलंदाज समज, जॅक मॉरिस. वय 36, नदीपलीकडच्या सेंट पॉलचा. समोर 24 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ. तो मिशिगनमध्ये लहानाचा मोठा झाला तेव्हा मॉरिस तिथल्या डेट्रॉइट टायगर्सचा हिरो होता, आणि स्मोल्ट्झचाही. ज्याला बघत खेळ शिकला, त्याच्याशीच गाठ!

पण गाठ म्हणावी तर दोघं समोरासमोर येतच नाहीत. त्या मैदानात पिचरला फलंदाजी नसते. एकाने तीन गडी बाद करून उतरायचं, मग त्याच मातीच्या उंचवट्यावर दुसऱ्याने चढायचं. फलकावर एक शून्य लागलं की उत्तर म्हणून दुसरं शून्य लावायचं, एवढंच बोलणं. सात डाव असेच गेले.

आठव्यात ब्रेव्ह्जचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवरून पळाला. टेरी पेंडलटनने चेंडू पार मागे भिंतीकडे धाडला होता; स्मिथ सहज होमपर्यंत आला असता. पण चेंडू गेला कुठे ते त्याला कळेना, त्यात ट्विन्सच्या चक नॉब्लॉकने चेंडू हाती आल्याचं सोंग केलं, आणि स्मिथ थबकला. तिसऱ्या बेसवरच अडकला. लोक आजही त्याला बोल लावतात. मला ते पटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, एकही बाद नाही, तिथून धाव न देणं ही मॉरिसची करामत. एक झेल नाही, चेंडू जमिनीलगतच जात राहिले: आधी एक बाद, मग एकाला मुद्दाम चालत पहिला बेस दिला, आणि सिड ब्रीमच्या फटक्यावर एकदम दोन!

त्याच डावात स्मोल्ट्झला मात्र काढलं. एक बाद, दोघं बेसवर. त्याच्या जागी आलेल्या माइक स्टॅंटनने संकट निभावलं, शून्य शाबूत राहिलं. मला विचारशील तर सगळ्यात जिवाला लागतं ते हेच, की हा पोरगा एकही धाव न देता उतरला.

नवव्यानंतर व्यवस्थापक टॉम केली मॉरिसला थांबवायला निघाला होता. मॉरिसने ऐकलं नाही. दहावा डावही त्यानेच टाकला; एकूण 126 चेंडू. मग ट्विन्सच्या डॅन ग्लॅडनची बॅट मोडली, तरी तो दुसऱ्या बेसवर पोचला. आणि शेवटी जीन लार्किनने पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून चेंडू मारला. 1-0.

हरल्याची नोंद स्मोल्ट्झच्या नावावर नाही, नंतर आलेल्या पिचर अलेहान्द्रो पेन्याच्या आहे. पुढे स्मोल्ट्झ 2015 मध्ये आणि मॉरिस 2018 मध्ये, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. शिष्य आधी!

सामन्याचं चित्रण मिळव आणि आठव्या डावावर थेट उडी मारू नकोस, पहिल्यापासून बघ. आवडलं तर पुढच्या पत्रात 2011 मधल्या कार्पेंटर आणि हॅलडे या दोन मित्रांची लढत सांगते. तीही 1-0 च.

तुझी,
नीला