पावशा काय बोल्ला

मृग लागायच्या आधी आमच्या रिसोडकडच्या गावात पावशा ओरडायला लागला की बाबा अंगणात उभे राहून कान द्यायचे. पाखरू दिसत नसे. आंब्याच्या शेंड्यात कुठंतरी बसून ते आवाज चढवत न्यायचं, पाच-सहा वेळा, आणि एकदम तोडायचं. जरा दम खाऊन पुन्हा पहिल्यापासून. 'पेरते व्हा, पेरते व्हा.' ते मराठीच बोलतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी सातवीत असताना बाबांनी त्याचं ऐकलं. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा आम्ही अकोल्यातच. पहिला पाऊस बरा पडला, पावशा रातभर ओरडला, सकाळी बाबांनी तिफन काढली. ज्वारी, तूर पेरून झाली. कोंब वर आले आणि पावसानं दडी मारली ती तीन आठवडे. सगळं करपलं. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी मायच्या कानातली फुलं गहाण पडली. ती परत आली नाहीत. मायनं पाखराला लय शिव्या दिल्या. "मुडदा बशिवला त्याचा, रातभर बोंबलला नं!" बाबा एवढंच म्हणाले, "त्यानं पेरते व्हा म्हटलं. उगवन असं कुठी म्हटलं?"

पुढं मी मास्तर झालो. पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात. तिकडं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, साठीच्या दशकापासून वसवलेली. एप्रिलातल्या एका संध्याकाळी घरमालकांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांना सगळे दादू म्हणत. पावशा ओरडला. मी सहज म्हटलं, "झालं, पेरते व्हा म्हणतोय."

दादू हसले. "ना मास्टरजी. चोख गेलो बोलतो तो."

चोख म्हणजे डोळा. डोळा गेला!

हिंदीवाल्यांना तो 'पी कहाँ' विचारतो हे मला ठाऊक होतं. साहेबांना तर त्याचं ओरडणं डोक्यात जायचं. 'ब्रेनफीव्हर बर्ड' हे नाव त्यांचंच. बेडूक आपल्याकडं डराव डराव करतो, हिंदीत टर्र टर्र. पण ते नुसते आवाज. पावशाच्या तोंडात मात्र ज्यानं त्यानं आपलं वाक्य घातलेलं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम ऐकलं. पेरते व्हा बसत होतं. चोख गेलो पण बसत होतं, आणि एकदा कानात शिरल्यावर ते निघेना.

सुट्टीत गावी आल्यावर बाबांना सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"तिकडं वावर होतं काय त्या बुढ्याले?"

"होतं म्हणे. धानाचं. सोडून आले."

"मंग बराबर हाये," बाबा म्हणाले. "त्याले पेर म्हणून काय करन पाखरू?"

आता बाबा नाहीत. बदली होऊन मी जिल्ह्यात आलो, वावरात सोयाबीन आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि मी ते पाळतो. मायला कानानं कमी ऐकू येतं, पण हा आवाज बरोबर पोचतो. "बोंबल्ला का रे तो?" म्हणते, आणि तिचा हात कानाच्या पाळीकडं जातो. मी वावरात जाऊन ओलीत बोट खुपसून पाहतो.