गुलमर्गचा बर्फ आणि उरलेली स्की

गुलमर्गचा बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला बर्फ येतो. पांढराशुभ्र, कापसासारखा, नायिकेनं ओंजळीत घेऊन नायकावर उडवावा असा. तसा बर्फ तिथं पडतो, नाही असं नाही. पण आठ दिवसांच्या मुक्कामात तो तुमच्या वाट्याला दोन दिवस आला तर नशीब समजा. एरवी सकाळी नऊला उतारावर उभं राहावं तर पायाखाली फरशी, दुपारी दोनला गोळेवाल्याच्या किसासारखा ओला लगदा, नि झाडांच्या सावलीत दोहोंची भेसळ. स्की भाड्यानं घ्यायची ती ह्या बर्फासाठी, सिनेमातल्या बर्फासाठी नव्हे. आणि बाईला ती स्वतःच्या पायांसाठी, स्वतःच्या वजनासाठी निवडून घ्यावी लागते, हे तर दुकानात कुणाच्या गावीही नसतं.

आम्ही गेलो फेब्रुवारीत. नागपूर ते दिल्ली आगगाडीनं, पुढे श्रीनगरपर्यंत विमानानं आणि मग मोटारीनं टंगमर्ग. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर, पण बर्फ असला की गाडीच्या चाकांना साखळ्या बांधूनच वर जावं लागतं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर. पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. तो दिवस नुसता हिंडण्यात घालवावा. ह्या जागेचं जुनं नाव गौरीमार्ग, म्हणजे आपल्या गौरीचंच, असं सांगतात. राजघराण्यातल्या मोहिनीबाई सिसोदिया ह्यांनी १९१५ साली बांधलेलं टेकडीवरचं शिवमंदिर ‘आप की कसम’मुळे (१९७४) घराघरांत पोचलं. जून २०२४ च्या आगीत ते जळालं, तेव्हा ज्यांनी गुलमर्ग कधी पाहिलंही नव्हतं त्यांनाही वाईट वाटलं असेल.

स्कीचा खेळ इथं इंग्रजांनी आणला. स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ चा. आता तिथं केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे. गोंडोल्याचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कोंगडूरीपर्यंत नेतो. दुसरा टप्पा २००५ चा. तो अफरवटच्या धारेजवळ, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर सोडतो. परदेशातून येणारे पट्टीचे लोक ह्या दुसऱ्या टप्प्यासाठी येतात. तिथला भुसभुशीत बर्फ जगात नावाजलेला आहे. आपलं काम मात्र खालच्या मोकळ्या मैदानालगतच्या उतारांवर आणि फार तर पहिल्या टप्प्यावर.

आणि इथंच सगळी गोम आहे. दुकानदारानं पट्टीच्या गिऱ्हाइकांसाठी रुंद स्की आणून ठेवलेल्या असतात. भुसभुशीत बर्फात त्या होडीसारख्या तरंगतात. दिसायलाही झोकदार, रंगीबेरंगी. त्याच तो आपल्यापुढे कौतुकानं करतो, "नयी है, बहनजी." नवी असेल हो, पण आमच्या काय कामाची?

बर्फाच्या जाती समजून घ्यायला हिमालयात जायला नको. जुन्या फ्रीजचा फ्रीजर आठवा. पहिल्या दिवशी आत धरतं ते पिठीसाखरेसारखं, फुंकर मारली तर उडतं. चार दिवसांनी त्याचा थर बसतो. मध्ये वीज गेली, थोडं वितळलं नि पुन्हा गोठलं की मग उलथनं मारलं तरी निघत नाही. उतारावर हेच घडतं. दिवसा उन्हानं वरचा थर पाघळतो, रात्री गोठतो. त्यावरून शंभर लोक घसरून गेले की तो दाबला जातो, घोटला जातो. भर म्हणजे बर्फाचं वेळापत्रकही आता बिघडलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, नि २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. नवा बर्फ उशिरा आला की असलेलाच पुन्हा पुन्हा गोठत राहतो. तेव्हा कडक बर्फाची तयारी ठेवूनच जावं.

कडक बर्फावर स्की धरून ठेवते ती तिच्या कडेची पोलादी पट्टी. विळीची धार जशी, तशीच. विळी कितीही महागाची असो, धार गेली की पडवळसुद्धा चिरडतं. दुकानात स्की हातात आली की आधी तिची कड बघायची. अंगठ्याचं नख त्या पट्टीवर आडवं हळूच ओढा. नखाची बारीक पूड निघाली तर धार आहे, नख गुळगुळीत घसरलं तर नाही. बोट कडेवरून लांबवर ओढू नका, कापेल. पट्टीवर तांबूस गंज, दगडाला लागून आलेले दाते दिसले तर सरळ म्हणावं, कानस मारून द्या, नाहीतर दुसरी द्या. लाजायचं कशाला? भाजीवाल्याकडून आपण वांगं उलटंपालटं करूनच घेतो की.

मग कंबर. स्कीलाही कंबर असते. दोन्ही टोकांना रुंद, मधे बारीक. कंबरेचा आकडा बहुधा स्कीवरच छापलेला असतो. तीन आकडे ओळीनं असतात, त्यातला मधला. १०० मिलिमीटरच्या वर असेल तर ती भुसभुशीत बर्फाची. आपल्याला साधारण ७५ ते ८५ ची हवी. ह्याचं कारण सरळ आहे. कडक उतारावर वळताना स्की कुशीवर करावी लागते. कंबर रुंद असली की कड पावलाच्या मध्यापासून लांब जाते नि ती टेकवून धरायला घोटा नि गुडघा पिळला जातो. बारीक कंबरेची स्की पटकन कुशीवर होते, पटकन परत येते. ज्यांना चांगलं जमतं आणि कधीमधी नव्या बर्फातही शिरायचं असतं त्यांनी ८५ ते ९० ची घ्यावी. सगळीकडे चालणारी म्हणून तिचं नाव आहे, पण मला विचाराल तर सगळीकडे चालणाऱ्या वस्तूबद्दल मी जरा साशंकच असते. मिक्सरच्या एकाच भांड्यात चटणीही होते नि डोशाचं पीठही होतं, पण कसं होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. टोकं टेकून मधे बोटभर फट दिसली पाहिजे. स्की धनुष्यासारखी किंचित वाकवलेली असते. आपण उभं राहिलो की तो बाक दबतो आणि कड सगळीकडून बर्फाला लागते. फट उरलीच नसेल तर त्या स्कीचा जीव गेला असं समजा. हल्लीच्या बऱ्याच स्कींचं पुढचं टोक थोडं आधीच वर उचललेलं असतं. ते चांगलंच, गुठळ्यांच्या बर्फात अडकत नाही. फक्त मधला बाक शाबूत हवा. तळ पांढरट, कोरडा पडला असेल तर मेण लावून मागावं.

लांबीचं म्हणाल तर शिकाऊ बाईनं हनुवटीपर्यंत, चांगलं जमणारीनं नाकापर्यंत. माझ्यासारखीची उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे १५७ सेंटिमीटर, तर १४० ते १५० ची स्की पुरे. फार ताठ स्की बायकांना देऊ नये. हलक्या अंगाच्या बाईच्या भारानं ती वाकतच नाही आणि न वाकलेली स्की वळत नाही, सरळ खाली धावते. उलट अगदी पोकळ, खेळण्यासारखी हलकी स्की गोठलेल्या खड्ड्यांवर थडथड उडते. मधली बघावी, आत लाकूड असलेली.

हे सगळं बघायला वेळ लागतो, आणि दुकानात बाईला वेळ कोण देतो? आधी मुलांचं माप, मग ह्यांचं, मग दिरांचं. तोवर गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. मग कोपऱ्यात उरलेली जोडी वहिनींच्या पायांत. ताटात उरलेलं आपण खातो, ते ठीक. पण स्कीचं तसं नाही. आमच्या घोळक्यात शेवटी ठरलं ते असं, की आदल्या संध्याकाळी बायकांनीच आधी दुकानात जायचं. दुकान रिकामं असतं, दुकानदारही निवांत असतो नि हातात कहव्याची पेलीसुद्धा देतो.

बूट स्कीपेक्षाही महत्त्वाचे. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून घरूनच लिहून न्यावी, कारण ह्या बुटांचं माप तेच असतं. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की किंचित मागे यावीत. टाच मात्र वर उचलता कामा नये. थंडीच्या भीतीनं आपण दोन-दोन मोजे चढवतो, ते नको. पाय आवळून रक्त खेळेनासं होतं नि उलट जास्त गार पडतात. एकच पातळ लोकरी मोजा, पोटरीपर्यंत. आणि हातात काचेच्या बांगड्या ठेवू नका. सवाष्णीनं हात रिकामे कसे ठेवायचे असं आमच्यातल्या एका काकूंना फार वाटत होतं. शेवटी त्यांनी लोकरीचा धागा बांधला.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. बूट स्कीला अडकवणारी जी कळ असते तिला बाइंडिंग म्हणतात. तोल गेला की ती आपोआप सुटून पाय मोकळा व्हायला हवा. किती जोरानं सुटावी हे तिच्यावरच्या स्क्रूनं ठरवतात. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला कितपत येतं, एवढं सगळं लागतं. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर ती आणखी सैल ठेवतात. दुकानदाराकडे तक्ता असतो. म्हणून तो विचारतो, "बहनजी, वेट?"

आणि तिथं घोटाळा होतो. दिरांसमोर, परक्या माणसांसमोर कुठली बाई खरं वजन सांगते! आमच्याबरोबरच्या अमरावतीच्या वहिनींनी मोठ्या धिटाईनं पंचावन्न सांगितलं. खरं होतं अडुसष्ट. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या चाकोरीतून जाताना दर दोन वळणांनी त्यांची स्की निघून पडायची. "हे काय बाप्पा, माझ्याच पायाला काय झालं?" म्हणत त्या बर्फात बसकण मारायच्या. तिसऱ्यांदा प्रशिक्षकानं वजन विचारलं तेव्हा त्यांनी ते त्याच्या कानात सांगितलं.

ते हसण्यावारी गेलं. शेजारच्या हॉटेलातल्या एका पुण्याच्या बाईंचं मात्र तसं झालं नाही. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आधी कुणा दणकट तरुणानं नेलेली जोडी, स्क्रूला हात न लावता त्यांना दिली गेली. दुपारच्या ओल्या बर्फात त्या अगदी सावकाश पडल्या. स्की रुतली, कळ सुटली नाही, शरीर एकीकडे नि पाय दुसरीकडे. गुडघ्याच्या आतला बंध फाटला. संध्याकाळी त्या हॉटेलच्या बैठकीत पाय लांब करून बसल्या होत्या नि पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, आता मला मांडी घालता येईल ना?

गुडघ्यातला हा बंध स्की करताना बायकांचा पुरुषांपेक्षा अधिक वेळा फाटतो, हे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदलं आहे. कळ बरोबर बसवली तरी ती गुडघ्याला पूर्ण वाचवतेच असं नाही. तिची रचना मुळात नडगी नि घोटा वाचवण्यासाठी झालेली आहे. पण चुकीची बसवली तर होतं ते संरक्षणही जातं. म्हणून वजन खरं सांगावं, अगदीच संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून द्यावं. कळ पुढची नि मागची, डावी नि उजवी, चारी ठिकाणचे आकडे आपण डोळ्यांनी पाहून घ्यावेत, स्क्रू मात्र स्वतः पिळू नये. आणि पडताना सावरायची धडपड करू नये. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठूच नये.

गुलमर्ग नाही जमलं तर उत्तराखंडातलं औली आहे. गढवाल मंडळ तिथं ७ आणि १४ दिवसांचे वर्ग चालवत आलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तिथला रोपवे बंद केला होता, तेव्हा वर जायचं कसं ते आधी विचारून घ्या. बर्फ तिथंही सकाळचा कडकच. मनालीजवळच्या सोलंगलाही तेच. त्याच भागातल्या आंचल ठाकूर ह्या मुलीनं २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. स्कीतलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक.

विकत घ्यावी का, असं मला पुष्कळजणी विचारतात. वर्षातले सहा दिवस वापरायच्या वस्तूसाठी नागपुरात स्की ठेवायची कुठं? भाड्याचीच बरी. परत दुसऱ्या वर्षी जायचं नक्की असेल तर बूट तेवढे स्वतःचे घ्यावेत. घरी आल्यावर आतलं अस्तर काढून सावलीत वाळवायचं, पुन्हा घालून बकला हलक्या लावून ठेवायच्या, म्हणजे आकार बिघडत नाही. माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात आपल्या माळ्याची भट्टी होते नि प्लॅस्टिक लवकर म्हातारं होतं. पलंगाखाली, कापडी पिशवीत, तोंड घट्ट बांधून ठेवा. लोकरी अस्तरात उंदराची पिल्लं निघाल्याचं आमच्या गल्लीतलंच उदाहरण आहे.